नाहीरावांचा हात

नाहीरावांची मतं साऱ्या गावाला पाठ होती. दुकान उघडायला परवाना नको, कुत्रा पाळायला नोंदणी नको, घराला कोणता रंग द्यावा हे नगरसभेने सांगू नये. बागेतल्या 'गवतावर चालू नये' या पाटीवर तर ते सभागृहात इतका वेळ बोलले होते, की तेवढ्यात गवत बोटभर वाढलं असावं. सरकारने चोर पकडावेत, खड्डे बुजवावेत आणि उरलेल्या वेळात झोप काढावी, असं त्यांचं म्हणणं. लोकांना हे ऐकायला आवडायचं. त्यांना निवडून देण्याइतकं आवडायचं, पण त्यांच्यासारखा दुसरा कोणी निवडून देण्याइतकं नाही. त्यामुळे सभागृहात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच होते, आणि पक्षात फूट पडण्याची भीती नव्हती.

पोटापाण्यासाठी त्यांचं कुलुपांचं दुकान होतं. शटरवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'परवानगी मागू नका.'

"गप्पा स्वातंत्र्याच्या आणि धंदा कुलुपांचा," असं त्यांचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, एकदा म्हणाले होते. त्यावर नाहीरावांनी बिनतोड उत्तर दिलं होतं, की कुलूप ज्याचं त्याने लावलं तर तेही स्वातंत्र्यच. मात्र हे उत्तर त्यांना सुचलं तेव्हा दाजी घरी जाऊन बराच वेळ झाला होता, आणि ते त्यांनी दुकानातल्या तिजोरीला ऐकवलं होतं.

सभागृहात त्यांचे काही नेम होते. विषयपत्रिका ते हातात घेत नसत, कारण ती लोकांच्या पैशाने छापलेली. चहा घरून थर्मासमधून आणत. बोलायला उठताना प्रत्येक सदस्याने "सभागृहाची परवानगी मागतो" असं म्हणायची रीत होती. ते वाक्य त्यांच्या तोंडून कधीच निघालं नव्हतं. अध्यक्ष दर वेळी हातोडा आपटत, नाहीराव दर वेळी बोलून मोकळे होत. उरलेला वेळ ते बाकाखाली मांडीवर एखादं बिघडलेलं कुलूप घेऊन दुरुस्त करत बसत. आणि अध्यक्षांनी "विरोधात?" असं विचारलं की त्यांचा उजवा हात वर जाई. शोकप्रस्तावालासुद्धा. "दुःख ज्याचं त्याने करावं, त्याला बहुमत कशाला?" असं ते म्हणत. डोक्याला विचारण्याची पद्धत त्या हाताने केव्हाच सोडली होती, आणि हाताने परवानगी मागावी हे तसं त्यांच्या तत्त्वातही बसत नव्हतं.

एवढ्या काळात त्यांनी आणलेला एकच ठराव मंजूर झाला होता. एकदा पडलेला ठराव वर्षभर पुन्हा आणता येऊ नये, असा तो ठराव. ठराव कमी तर नियम कमी, असा त्यांचा हिशेब. शेजारच्या बाकावरच्या मास्तरीणबाईंनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकांनी, त्याला एक पुस्ती जोडली: ज्याने ठराव मांडला त्याने स्वतः सभागृहाची परवानगी मागितली, आणि एकानेही विरोध केला नाही, तरच तो पुन्हा घेता येईल. या पुस्तीच्या विरोधात अर्थातच एकच हात वर गेला होता.

असा माणूस दुसरा ठराव घेऊन उभा राहिला तो ताईसाठी.

ताई घरी केस कापायची. सुरुवात दाजींपासून झाली. बस चालवून चालवून त्यांच्या कंबरेने दगा दिला आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा तिने त्यांचे केस कापले. ते इतके नीट कापले गेले, की भेटायला आलेल्या शेजाऱ्याने आपलंही डोकं पुढे केलं. मग बाहेरच्या खोलीत एक खुर्ची आली, तिच्यासमोर आरसा आला. सलूनमध्ये टाहो फोडणारी पोरं तिच्यापुढे गप्प बसत. ज्यांना चार जिने उतरवत नाहीत अशा म्हाताऱ्यांकडे ती कात्री घेऊन स्वतः जाई. ताई मुळातली अबोल. पण कात्री हातात आली की ती बोलायला लागे, हसायला लागे, आणि दाजी आतल्या पलंगावरून तिला साथ देत. घर त्या खुर्चीवर चाललं होतं, आणि फक्त पोटापुरतंच चाललं होतं असं नाही.

मग नगरसभेचा तपासनीस आला. सज्जन माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आला आणि म्हणाला, की घरात केस कापायचे तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी गिऱ्हाइकाला यायला वेगळा दरवाजा लागतो. ताईच्या घराला एकच दरवाजा होता. तिसऱ्या मजल्यावर दुसरा दरवाजा काढला असता तर तो थेट हवेत उघडला असता. महिनाअखेरपर्यंत काम थांबवा, नाहीतर खोलीला सील लावावं लागेल, असं सांगून तो गेला.

"छोट्या," ताई भावाला म्हणाली होती, "इतकी वर्षं परवाने नकोत म्हणून ओरडतोयस. एक तरी घालव की."

नाहीराव पेटून उठले. घरातल्या एका खुर्चीला परवाना लागू नये, असा ठराव त्यांनी मांडला आणि त्यावर सकाळच्या बैठकीत असं भाषण केलं, की मास्तरीणबाईंनीही मान डोलावली. त्या नियमांच्या बाबतीत कट्टर. पण त्यांच्या सासूबाईंचे केस ताईच कापायची. "नियम हवेतच," त्या म्हणाल्या, "पण माणसाला खिडकीतून आत या म्हणणारे नकोत." सलूनवाले सदस्य विरोधात बोलले, आणखी काही जण बोलले, आणि अध्यक्षांनी जाहीर केलं की मतदान जेवणानंतर, इतर विषयांसोबत.

जेवणानंतर नाहीराव मांडीवर एक जुनं पितळी कुलूप घेऊन बसले. चिटणीस विषयांचे नुसते क्रमांक वाचत होते. कोणत्या क्रमांकाला कोणता विषय, हे विषयपत्रिकेत होतं. विषयपत्रिका नाहीरावांनी तत्त्वासाठी घेतली नव्हती. गटारं गेली, दिवाबत्ती गेली, एक शोकप्रस्ताव गेला. नाहीरावांचा हात प्रत्येक वेळी आपलं काम करून खाली येत होता. कुलपातली अडकलेली पट्टी आता सुटेल, मग सुटेल, असं झालं होतं.

"विषय सातवा. बाजूने?" हात वर गेले, मोजले गेले.

"विरोधात?"

पट्टी सुटली. हात वर गेला.

सभागृहात अशी शांतता पसरली, की नाहीरावांनी मान वर केली. मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. गणित पक्कं येणाऱ्या मुलाने दोन आणि दोन पाच लिहिल्यावर बाई बघतात, तशा. सलूनवाले सदस्य तर उभे राहून बघत होते.

"ठराव एका मताने नामंजूर," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनाच राहवलं नाही. "सन्माननीय सदस्य, तो तुमचाच होता हो."

ते एक मत कोणाचं, हे शोधायला चौकशी समिती नेमावी लागली नाही.

घरी जाऊन ताईला सांगायचं कसं, याचा विचार करत नाहीराव तिच्या जिन्यावर रेंगाळले. जिना संपला तरी वाक्य तयार झालं नव्हतं. दार उघडंच होतं. खुर्चीत कोणी नव्हतं आणि ताई आरसा पुसत होती. बातमी त्यांच्याआधी जिने चढून आली होती.

"या, नाहीराव," दाजी आतून म्हणाले. "चहा घेणार का? नीट विचार करून सांगा. गेल्या वेळी तुम्ही नाही म्हणालात तर आमचं दुकान बसलं."

"दाजी, हात चुकून वर गेला."

"चुकून? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमच्या बाजूचे एवढे जण, आणि तुम्ही नेमके विरोधी पक्षात!"

ताई हसली नाही. ती आरसा पुसतच राहिली. डाग कधीच निघाला होता.

"मी सगळ्यांना सांगून बसले होते, छोट्या," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या आजींना. मास्तरीणबाईंच्या सासूबाईंना. म्हटलं, माझा भाऊ आहे तिथे, काळजी करू नका."

नाहीरावांना वाटलं, तिने कात्री फेकून मारली असती तर बरं झालं असतं. मग त्यांना एकदम उपाय सुचला. उपाय सुचला की ते नेहमी उभे राहत. आताही राहिले.

"ताई, तू काम चालूच ठेव. परवानगी मागूच नकोस. येऊ दे त्यांना! आपण दारात उभे राहू, लोक जमवू. सगळ्या गावाला कळू दे, एक बाई स्वतःच्या घरात..."

"म्हणजे सील माझ्या दाराला," ताईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं, "दंड मला, आणि टाळ्या तुला."

नाहीराव खाली बसले. बसायला ती एकच खुर्ची होती. आरशात त्यांना एक मध्यमवयीन माणूस दिसला. कानाजवळचे केस वाढलेले, तोंड भाषणासाठी उघडलेलं, आणि भाषण संपलेलं.

"तुझ्याच त्या नियमात काहीतरी आहे म्हणे," ताई म्हणाली. "परत मागता येतं."

"तिथे परवानगी मागावी लागते. सगळ्यांसमोर, उभं राहून."

"मग?"

"ताई, माझ्या शटरवर काय लिहिलंय?"

"शटर वर केलं की ते दिसत नाही," दाजी आतून म्हणाले.

नाहीराव निघाले. तत्त्व मोडायचं नाही आणि ताईची खुर्चीही जाऊ द्यायची नाही, अशी तिसरी वाट ते शोधत राहिले. ती सापडण्याआधीच तपासनीस त्यांच्या दुकानात आला.

"एक कुलूप द्या. मजबूत. सहज फुटायला नको," तो म्हणाला.

"कुठे लावायचंय? त्यावर ठरतं," नाहीराव धंद्याच्या सवयीने बोलून गेले.

तपासनीस अवघडला. त्याने आधी शटरच्या कडेकडे पाहिलं, मग बुटांकडे. "तुमच्या ताईंच्या खोलीला. सोमवारी जायचंय. खरं तर मी दुसरीकडूनही घेतलं असतं, पण तुमचा माल चांगला असतो."

नाहीरावांच्या मागे भिंतभर कुलुपं टांगलेली होती. बोटाएवढी, तळहाताएवढी, गोदामांना लागतात तसे पितळी धोंडे. गिऱ्हाइकाने मागावं, दुकानदाराने द्यावं, मध्ये कोणी पडू नये, यावर त्यांनी आयुष्यभर भाषणं ठोकली होती.

"कुलूप नाही," ते म्हणाले.

"मग मागे ही काय आहेत?"

"ती विकायची नाहीत."

"सगळी?"

"सगळी."

तपासनीसाने मान हलवली. "बरोबर आहे. दुकान तुमचं, मर्जी तुमची." तो वळला आणि दारात थांबला. "चौकात दुसरं दुकान आहे ना एक? मागे तुम्हीच भांडून त्याला परवानगीशिवाय उघडू दिलं होतं, ते?"

"ते फालतू माल ठेवतात," नाहीराव म्हणाले, आणि ताईच्या दाराला फालतू माल लागेल की काय या विचाराने आधी त्यांना राग आला. रागाचं कारण लक्षात आल्यावर ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ एकटेच हसले. हसणं संपलं. तिसरी वाट नव्हती. असती तर तिलाही त्यांनी विरोधच केला असता.

मास्तरीणबाईंच्या घरी ते दुपारी गेले. बाई अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"बाई, मला परवानगी हवी आहे."

"माझ्याकडे नसते. ती सभागृहाकडे असते. तिथे मागा."

"एकाने जरी विरोध केला तरी पडेल. सलूनवाले आहेत, बाकीचे आहेत. ते कशाला देतील?"

बाईंनी झारी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात खोडकर मुलाला पकडल्याचा आनंद होता. "सगळे देतील. तुमच्या तोंडून ते वाक्य ऐकायची संधी कोण सोडेल हो? पण परवानगी मिळाली तरी मत ज्याचं त्याचंच राहणार. ठराव तुमच्या हातावर आहे. तो हात जरा सांभाळा. आणि विषयपत्रिका घ्या या वेळी."

"ती लोकांच्या पैशाने..."

"तुम्ही न घेतलेलीही त्याच पैशाने छापलेली असते. मी इतकी वर्षं घरी नेते. पाठकोऱ्या कागदावर सासूबाई पत्ते खेळताना गुण लिहितात."

सोमवारी सकाळीच बैठक होती आणि प्रेक्षकांचा सज्जा भरला होता. पहिल्या रांगेत ताई होती. दाजींना जिना उतरवत नव्हता, पण सगळं जसंच्या तसं येऊन सांगायचं, अशी त्यांनी तिला ताकीद दिली होती. दाराजवळ तपासनीस उभा होता. त्याच्या खिशाला कुलपाचा फुगवटा आला होता. लांबूनसुद्धा नाहीरावांना कळलं, की तो फालतू माल आहे.

नाहीरावांनी विषयपत्रिका घेतली. चिटणीसांनी ती देताना दोनदा पाहिलं. मांडीवर आज कुलूप नव्हतं. ते उभे राहिले. अध्यक्षांनी सवयीने हातोडा उचलला.

"सभागृहाची," नाहीराव म्हणाले आणि थांबले. थोडं पाणी प्यायले, तेही नगरसभेचं. "सभागृहाची परवानगी मागतो."

अध्यक्षांचा हातोडा हवेतच राहिला.

"ऐकू आलं नाही!" मागून कोणीतरी ओरडलं.

"परवानगी मागतो," नाहीराव मोठ्याने म्हणाले. "माझाच ठराव मी पाडला. तो कोणाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं, कारण ज्या कागदावर लिहिलं होतं तो मी तत्त्वासाठी घेतला नव्हता. परत आणायची वाट मीच बंद केली होती. पुस्ती जोडून बाईंनी खिडकी ठेवली होती, तिलाही मी विरोध केला होता. आज त्याच खिडकीतून आत येतोय. हसायचं असेल तर हसा, माझं हसून झालंय. पण एका खुर्चीचा प्रश्न आहे, आणि ती माझी नाही."

हसणं झालं. मनसोक्त झालं. सलूनवाले सदस्य डोळे पुसत म्हणाले, "मी परवानगीला विरोध करत नाही. हे ऐकायला मिळालं, भरून पावलो. मत मात्र विरोधातच टाकणार."

"परवानगी देण्याच्या विरोधात कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

विरोधात! तो शब्द कानावर पडताच नाहीरावांच्या उजव्या खांद्यात काहीतरी सळसळलं. त्यांनी झटकन दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर सगळा भार देऊन बसले. हात खाली वळवळला. त्यांनी आणखी जोर दिला. कुलपावर कुलूप घालावं तसे ते स्वतःवर बसले होते.

"कोणी नाही. परवानगी दिली आहे. आता मूळ ठराव. बाजूने?"

इकडे तिकडे हात वर जाऊ लागले. मास्तरीणबाईंचा गेला. त्यांच्या मागच्यांचा गेला. चिटणीस मोजू लागले. नाहीराव डोळे मिटून, दात आवळून हातांवर बसले होते. काही झालं तरी हात वर जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती, आणि ती ते जिवाच्या आकांताने पाळत होते.

"अहो," मास्तरीणबाई कुजबुजल्या.

नाहीरावांनी नकारार्थी मान हलवली आणि आणखी जोराने बसले.

"छोट्या!" सज्ज्यातून ताईचा आवाज सभागृहभर घुमला. "हात!"

नाहीरावांनी डोळे उघडले. हात बाहेर काढायला गेले तर दोन्ही हातांना मुंग्या आलेल्या. शेवटी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून त्यांनी तो कसाबसा वर उचलला आणि ध्वजासारखा तिथेच धरून ठेवला. चिटणीसांनी तो मोजला. मग शंका नको म्हणून परत मोजला. आणि अध्यक्षांनी "विरोधात?" विचारून दुसऱ्या बाजूचे हात मोजून होईपर्यंत मास्तरीणबाई नाहीरावांची बाही घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"ठराव एका मताने मंजूर." अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि वर पाहिलं. "सज्ज्यातून बोलायला परवानगी लागते, बाई."

"भावाशी बोलायला कसली परवानगी?" ताई म्हणाली.

नाहीरावांच्या मनात आलं, की इतक्या वर्षांच्या भाषणांत आपल्याला हे इतकं थोडक्यात कधी सांगता आलं नाही. दाराजवळ तपासनीसाने खिशातून कुलूप काढलं, ते कुठे ठेवावं कळेना म्हणून पुन्हा खिशात घातलं, आणि सज्ज्याच्या जिन्याखाली जाऊन ताईला खुणेनेच विचारलं, की उद्या सकाळी जमेल का. विचारताना त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. ताईने बोटांची कात्री करून दाखवली.

"विषय पुढचा," चिटणीस म्हणाले. त्यांनी नुसता क्रमांक वाचला.

नाहीरावांनी विषयपत्रिका उघडली, चष्मा लावला आणि तो विषय सावकाश, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. बागेत आणखी तीन पाट्या लावण्याबाबत. त्यांनी एकदा खात्री करून घेतली, की हा आपण मांडलेला नाही.

"विरोधात?"

हात वर गेला. सगळ्या सभागृहात एकटाच, अजून मुंग्या आलेला, थोडा वाकडा.

"सुधारलात म्हणायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नाही," नाहीराव म्हणाले.